यंत्राचा परीक्षक कोण?

गेल्या उन्हाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रदर्शनाचे निमंत्रण आले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी गटागटाने एखादी अडचण शोधायची, तिच्यावर उपाय आखायचा आणि तो स्वतःच्या हातांनी घडवून दाखवायचा, असा एक विषय तेथे दुसऱ्या सत्रात शिकविला जातो. सत्राच्या शेवटी त्या वस्तूंची मांडणी होते आणि बाहेरून आलेले परीक्षक गुण देतात. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. मराठी वाङ्मय घेऊन नागपूर विद्यापीठातून बी.ए. झालो आणि पुढील सारे आयुष्य बातमीदारीत गेले. घरातील पंख्याचा वेग कमी झाला तरी मी शेजाऱ्याला हाक मारतो. अशा माणसाने अभियांत्रिकीच्या प्रदर्शनात काय पाहायचे, हा प्रश्न मनात घेऊनच मी गेलो.

मांडणी देखणी होती. रंगीत फलक होते, गणवेश होते, प्रत्येक टेबलावर छापील अहवाल होता. हात पुढे केला की आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी मला एका रांगेत चार ठिकाणी दिसली. माती कोरडी झाली की कुंडीत पाणी सोडणारी यंत्रणा तीन ठिकाणी होती. चौथ्या कचरापेटीपाशी मी थांबलो आणि एका चुणचुणीत मुलाला विचारले, “हीच वस्तू करावी असे का वाटले?” तो मनमोकळा होता. म्हणाला, “सर, ह्याचा तयार किट मिळतो. दोन तासांत जोडून होतो.” गोंदियात कचरापेटीचे झाकण हाताने उघडावे लागते म्हणून कोणाचे अडले आहे, असे त्याला विचारण्याचा मोह मी आवरला. दोष त्याचा नव्हता. ज्या विषयात ‘अडचण शोधा’ ही पहिली पायरी आहे, तेथे तयार उत्तर विकत घेऊन त्याला साजेशी अडचण मागाहून लिहिता येते, एवढे त्याने अचूक हेरले होते.

शेवटच्या कोपऱ्यात एक ओबडधोबड टेबल होते. त्यावर भंगारातील लोखंडापासून जोडलेले, धानातील तण काढण्याचे ढकलयंत्र, लाल चिंध्यांच्या गाठी बांधलेला एक नायलॉनचा दोर आणि चिखलाचे डाग पडलेली वही. तीन मुलगे आणि एक मुलगी. त्यांतील एकाचे घर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्या गावात. त्याची आई निंदणाला जाते. दिवसभर वाकून काम केल्यावर रात्री तिला पाठ टेकवत नाही, ही त्यांची ‘अडचण’. ती फलकावरची नव्हती, घरातली होती. चौघांनी बाजारातील निंदणयंत्र पाहिले, मोजले, गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या हातापाया पडून तसेच स्वस्तात घडविले आणि मार्चमध्ये ते बांधीत नेले. तेथे जमलेल्या बायांनी ते यंत्र पाहिले, एकीने दांडा धरून दोन पावले ढकलले आणि थांबली. म्हणाली, “वाटच नाही ना गा बाबू, चालवाचं कोठून?”

ज्यांनी धानाची बांधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे यंत्र चालते ते रोपांच्या दोन ओळींमधून. आमच्या झाडीपट्टीत पऱ्हे ओळीत रोवण्याची रीत सार्वत्रिक नाही. बाया मागे सरकत, हाताला येईल तसे, पण थक्क करणाऱ्या वेगाने रोवत जातात. ओळच नाही, तर यंत्र जाणार कोठून? यंत्र निर्दोष होते आणि निरुपयोगी होते. वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली मुलीने एकच वाक्य लिहिले होते: आपला प्रश्न निंदणाचा नसून रोवणीचा आहे. मग त्यांनी तो गाठींचा दोर केला. गाठीगाठीवर रोप लावले तर ओळ साधेल आणि ओळ साधली तर यंत्र चालेल. परंतु तोवर उन्हाळी रोवणी उरकून गेली होती. पुढली रोवणी जुलैत, आणि सत्र मे महिन्यात संपणार. दोर टेबलावर तसाच पडला होता.

परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी यंत्र पाहिले, दोर पाहिला आणि विचारले, “म्हणजे तयार असे काय झाले?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. पुढे कळले की त्या गटाला कचरापेटीच्या चारही गटांपेक्षा कमी गुण मिळाले. नियमाप्रमाणे ते योग्यही असेल, कारण वस्तू चालते की नाही या रकान्यात कचरापेटी चालत होती आणि निंदणयंत्र चालत नव्हते. पण घरी परतताना माझ्या मनातून ते एक वाक्य जाईना. अभियंता होण्याच्या वाटेवरचा पहिला खरा धडा त्या प्रदर्शनात कोणी गिरविला असेल, तर तो त्या चौघांनीच. आपला प्रश्नच चुकला होता हे त्यांना उमगले, आणि ते बांधीत उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडून उमगले. त्या धड्याला आपल्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

हा विषय आज देशभर येऊ घातला आहे, म्हणून याचा विचार निकडीचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत घालवावेत, असे सुचविले आहे. २०१६ पासून शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या; २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार उभारण्याची घोषणा झाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने महाविद्यालयांतून ‘आयडिया लॅब’ आणल्या. दिशा निःसंशय योग्य आहे. चार वर्षे फळ्यावरची गणिते सोडवून, एकदाही कानस हातात न धरता अभियंता झालेला तरुण आपण सर्वांनी पाहिला आहे. मात्र प्रयोगशाळेचे कुलूप उघडल्याने हात आपोआप शिकतात असे नाही. हाताला काम लागते, कामाला गिऱ्हाईक लागते आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार लागतो. यांतील पहिली गोष्ट पैशाने येते. उरलेल्या दोन पैशाने येत नाहीत.

महाराष्ट्राला हे नव्याने शोधण्याचे कारण नव्हते. ते आपल्याच भूमीत, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ नावाच्या अवर्षणग्रस्त गावी चाळीस वर्षांपूर्वी करून दाखविले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत त्यांनी काम केले, पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये, पत्नी मीराताईंसह, पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली खेड्यातील मुले मठ्ठ असतात हे त्यांना मान्य नव्हते. मूल जन्मल्यापासून जे काही शिकते ते करून शिकते; ही नैसर्गिक रीत शाळेच्या दारात आल्यावर आपण मोडतो आणि मग मुलाला शिकता येत नाही म्हणून ओरडतो, असे त्यांचे सरळ म्हणणे होते.

त्यांनी आश्रमात ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालविला आणि शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय सिद्ध केला. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग, आणि मुलगा असो वा मुलगी, चारही विभाग सर्वांना. म्हणजे मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा चिक्की करणार. रक्तगट तपासणे, मातीचे परीक्षण करणे, घरातील वीजजोडणी, पायाचे बांधकाम, फेरोसिमेंटची टाकी, सारे त्यात आले. माध्यमिक शालान्त मंडळाने त्याला मान्यता दिली. नंतरच्या काळात हाच धागा शाळांमधील ‘मल्टी स्किल’ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचला.

यातील दोन गोष्टी मला अतिशय मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, शिकविणारा निदेशक पदवीधर असलाच पाहिजे हा आग्रह कलबागांनी धरला नाही. गावातील वेल्डर, गवंडी, वायरमन, ज्याचे पोट त्या कामावर चालते तो शिकवील. चुकीचा सांधा जोडला तर गिऱ्हाईक परत येते हे ज्याने सोसले आहे, त्याच्याइतके अचूक ‘मूल्यमापन’ कोण शिकवू शकेल? दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलांनी केलेले काम कपाटात ठेवायचे नाही, ते गावाला द्यायचे. शाळेच्या खिडकीची जाळी, शेजाऱ्याचे फाटक, कोणाच्या घरची वीजदुरुस्ती. त्याचा खर्च मांडायचा, मजुरी धरायची, गिऱ्हाइकाकडून रक्कम घ्यायची. फाटक बिजागरीवर नीट बसले नाही तर शेजारी पैसे देणार नाही. तेथे परीक्षक बाहेरगावाहून येत नाही; तो रोज त्याच फाटकातून ये-जा करतो.

याच आश्रमात जीपच्या सुट्या भागांपासून छोटा ट्रॅक्टर जुळविला गेला. तेथील त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट १९९३ च्या लातूर भूकंपानंतर निवाऱ्यासाठी उपयोगी पडले. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या विख्यात संस्थेने आपल्या ‘फॅब लॅब’ या संगणकीय कार्यशाळेची अमेरिकेबाहेरील आरंभीची शाखा पाबळला दिली. डॉ. कलबाग जुलै २००३ मध्ये गेले. आश्रम आजही चालू आहे. आणि तरीही, विदर्भातील किती प्राध्यापकांनी पाबळ पाहिले आहे? आम्ही आखणी-विचाराचे धडे परदेशी चित्रफितींतून घेतो.

परदेशातही काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एमआयटीमध्ये वुडी फ्लॉवर्स नावाच्या प्राध्यापकाने १९७० च्या दशकात एका प्रारंभिक विषयाला असा रंग आणला की तो पुढे जगभर अनुकरणाचा विषय झाला. प्रत्येक विद्यार्थ्याला चित्रविचित्र सुट्या वस्तूंची सारखीच पेटी द्यायची, तेवढ्यातून यंत्र घडवायचे आणि सत्राअखेरीस यंत्रांची झुंज लावायची. विद्यार्थी रात्ररात्र जागत. आपल्याकडच्या रोबोंच्या स्पर्धा त्याच वळणाच्या. पण त्याच संस्थेत २००२ च्या सुमारास एमी स्मिथ या बाईंनी ‘डी-लॅब’ नावाचे निराळे दालन उघडले. त्या स्वतः आफ्रिकेत बोट्स्वाना देशात राहून आल्या होत्या. धान्य दळण्यात बायांचे किती तास जातात हे त्यांनी पाहिले होते. त्यांचे विद्यार्थी खेड्यांत जाऊन राहतात आणि तेथल्या माणसांबरोबर बसून साधने घडवितात. झुंजीत यंत्र दुसऱ्या यंत्राला हरविते. खेड्यात यंत्राला माणसाच्या पाठीशी, खिशाशी आणि सवयीशी जुळवून घ्यावे लागते. दुसरे काम अधिक कठीण आहे, आणि ते त्यांना पाबळनंतर वीस वर्षांनी सुचले, हे नोंदविताना मला थोडा आनंद होतो हे कबूल करतो.

मात्र आपल्या परंपरेचा नुसता गौरव करून या विषयातून सुटता येणार नाही. आपल्या पूर्वजांनी हे सारे केले होते, यात शंका नाही. गोंदियाच्या वाचकाला तर पुरावा शोधायला दूर जायला नको. नवेगावबांधचा जलाशय परंपरेने अठराव्या शतकाच्या आरंभीच्या कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवून एवढे पाणी अडविणाऱ्या त्या माणसांजवळ ना दुर्बीण होती, ना नकाशा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून अशा सहा हजारांहून अधिक तलावांचे जाळे होते. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला मिळतो, तुडुमातून हवे तेवढेच पाणी बांधीला सुटते, आणि शेतकऱ्याची बोडी त्यातून उरलेल्याचा हिशेब ठेवते. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा गोंड राजांचा व्यवहार असल्याचे परंपरा सांगते. याचा अर्थ असा की पाळ फुटली तर बांधणाऱ्याचेच धान बुडे. आराखडा करणारा आणि परिणाम भोगणारा एकच होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले, आणि मामांच्या पाळीवर माती टाकायची कोणी, हा प्रश्न भाच्यांनी खात्याकडे सोपविला. मालगुजारी परत आणा असे कोणी म्हणणार नाही. पण बांधणारा आणि भोगणारा यांची जी ताटातूट तेव्हा झाली, तीच आज महाविद्यालयाच्या टेबलावर दिसते.

या ताटातुटीचे खापर मेकॉलेवर फोडून मोकळे होण्याची आपल्या वर्तुळात एक सवय आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले ते बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. वरून आलेला नकाशा खाली उतरविणारा माणूस घडविणे हाच त्या शिक्षणाचा मूळ हेतू. धरमपालजींनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी धुंडाळून १९७१ मध्ये अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या लोखंडाच्या भट्ट्या आहेत, दक्षिणेतील पाभरीने होणारी पेरणी आहे. परंतु ती पाभर घडविणाऱ्या सुताराला आणि भट्टी पेटविणाऱ्याला आपण पंक्तीत कोठे बसवीत होतो, याचे उत्तर मेकॉलेने द्यायचे नाही. दसऱ्याला अवजारांना हळदकुंकू वाहणारा समाज ती अवजारे धरणाऱ्या हातांना मात्र ओसरीबाहेर ठेवीत आला. विद्या एका आळीत राहिली आणि कसब दुसऱ्या. दोन्ही त्यामुळे खुरटल्या. आजही आपल्या घरात मुलगा आयटीआयला गेला हे आपण हळू आवाजात सांगतो आणि अभियांत्रिकीला गेला हे पेढे वाटून. त्याच आयटीआयतील मुलगा १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा मनोभावे करतो, तेव्हा आपण कौतुकाने छायाचित्र छापतो. छापावे. पण त्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवायला बोलावल्याचे छायाचित्र मला तरी अजून छापायला मिळालेले नाही.

हाताला मान मिळाला की काय घडते याची उदाहरणे आपल्याच भाषेत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या तंत्रशाळेत यांत्रिक रेखाटन शिकविणारे शिक्षक; त्याआधी चित्रकला शिकायला गेलेले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घेऊन ते शेतकऱ्याच्या दारी गेले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकऱ्यांनी नांगराला हातही लावला नाही. नांगर पडून राहिले. कारखानदार शेतकऱ्याला अडाणी म्हणून परत फिरला असता तर १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. आणि आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत. १९८० च्या दशकात आपल्या बांधीत काही लोंब्या निराळ्या दिसल्या म्हणून त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे लावून पाहिल्या आणि त्यातून जे वाण आले त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव पडले. गोंदियाच्या राईस मिलमधून तो तांदूळ आजही पोत्यांवर नाव मिरवीत बाहेर पडतो. दादाजी २०१८ मध्ये, फारशी संपत्ती गाठीला न बांधता गेले. त्यांच्या प्रयोगवहीला आपल्या कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले असते, असा विचार त्या प्रदर्शनातून परतताना माझ्या मनात आला होता.

मग करायचे काय? तंत्रशिक्षणातील जाणकारांनी विचार करावा म्हणून एका बाहेरच्या माणसाच्या चार गोष्टी मांडतो. सत्राचे वेळापत्रक आणि मातीचे वेळापत्रक यांचा मेळ नाही. जानेवारी ते मे या काळात ज्याला रोवणीवर उपाय शोधायचा आहे, त्याला तो पडताळायला जुलै लागतो. पाबळने आठवड्यातला एक दिवस तीन वर्षे दिला, तो यासाठीच. एका सत्रात उरकायचे म्हटले की कचरापेटीच हाती लागते. पहिल्या वर्षाचा हा विषय पहिल्या वर्षात संपलाच पाहिजे, असा कोणता धर्मनियम आहे? त्याचे अर्धे गुण दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवले, तर विद्यापीठ कोसळणार नाही. तसेच परीक्षकांच्या तिघांच्या मंडळात एक जण ती वस्तू वापरणारा असावा. निंदणाला जाणारी बाई परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेली पाहणे काहींना अवघड जाईल. जावे. आणि गावच्या वेल्डरला मानधन देऊन, ‘सर’ म्हणून कार्यशाळेत बोलावावे. त्या चौघांचे यंत्र ज्याने जोडून दिले त्याचे नाव अहवालात कोठेच नव्हते. मी विचारले तेव्हा मुलांनाच खजील वाटले.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. त्यांतील एकांनी तो मला तेथेच ऐकविला. सत्तर मुलांच्या वर्गाला एक शिक्षक, वर निरीक्षणाचे कागद, मान्यतेच्या समितीला दाखवायचे पुरावे. बांधीतला चिखल कागदावर कसा दाखवायचा? त्यांची अडचण खोटी नाही. जो शिक्षक स्वतः कंत्राटी वेतनावर आहे आणि पुढल्या वर्षी येथे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने मुलांना अपयशाची मोकळीक द्यावी, ही अपेक्षा एकतर्फी आहे. अपयश परवडायला आधी पायाखाली जमीन लागते. तेव्हा हा दोष एका महाविद्यालयाच्या पदरात टाकण्याचा माझा इरादा नाही, आणि म्हणूनच त्याचे नावही मी लिहिलेले नाही. तरीही एक लहानशी गोष्ट त्यांच्या हातात आहे. अहवालात ‘आमचे काय चुकले आणि ते कोणी दाखवून दिले’ असे एक पान सक्तीचे करावे. कचरापेटीवाल्यांना ते पान भरायला त्रास होईल. तेवढाच त्रास त्यांना घराबाहेर काढील.

जुलैत मी अर्जुनी मोरगावला दुसऱ्या बातमीसाठी गेलो होतो. वाटेत त्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “या जी सर, आज दोर लावून पाहत आहोत.” चौघांपैकी तिघे आले होते. हे काम आता कोणत्याच विषयात मोडत नव्हते. त्याला गुण नव्हते. पाऊस थांबून थांबून पडत होता. बांधीच्या दोन टोकांना दोघांनी दोर ताणून धरला, बारा बाया रोवू लागल्या. ओळ सुंदर येत होती. दहा मिनिटांत कुरबूर सुरू झाली. बायांनी रोवणी हुंड्याने घेतलेली, म्हणजे एकरामागे रक्कम ठरलेली. प्रत्येक ओळीनंतर दोर उचलून मागे न्यायचा, ताणायचा, तोवर बारा जणींचे हात रिकामे. शिवाय दोर धरायला दोन माणसे अडकली, त्यांचा वाटा द्यायचा कोणी? निंदण सोपे होईल ते शेतमालकाचे. रोवणीत वेळ मोडेल तो मजुराचा. मुलगी वहीत भराभर लिहीत होती. सत्राच्या पुस्तकात ही गोष्ट कोणत्या प्रकरणात येते, मला ठाऊक नाही.

शेवटी त्यांतील सर्वांत वयस्क बाईने हातातली पेंढी खाली ठेवली. आपण मागे मागेच सरकतो ना, मग दोर कशाला, असे तिचे म्हणणे. बांबूला वीतभर अंतरावर खुणा करायच्या, तो पुढ्यात टाकायचा आणि मागे सरकताना एका पायाने ओढून घ्यायचा. दोघी-दोघींत एक बांबू. दोन माणसे वाचतात, ताणायची कटकट वाचते. मुले तिच्याकडे पाहतच राहिली. तासाभरात कोणाच्या तरी कुंपणातला बांबू आला, कोयत्याने खुणा पडल्या. तिने तो पाण्यात टाकला, दोन ओळी रोवल्या आणि मान हलविली. “हलका हाये गा. पाण्यावर तरंगते, जाग्यावर राहत नाही. याच्या पोटात काही भरा, मंग आणा.”

मुलीने लिहिलेले खोडले आणि नवे पान उघडले.